कॅसेटवरचं पुढचं गाणं : तरुणपणीचं संगीत आणि त्याची आपली आपली प्रत

निशिगंधा_सांगली

अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचं ‘शुक्रतारा’ कुठेही कानावर पडलं, लग्नात, रिक्षात, शेजारच्याच्या फोनवर, की ते संपता संपता माझ्या डोक्यात ‘रोजा’मधलं एक गाणं आपोआप सुरू होतं. ‘शुक्रतारा’ची श्रीनिवास खळेकाकांची चाल आणि ‘रोजा’चे रहमान यांचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. पण १९९३-९४ साली सांगलीत हॉस्टेलवर असताना मी एक कॅसेट भरून आणली होती आणि तिच्यावर ही दोन गाणी पाठोपाठ होती.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची. दुकानदार विचारायचा, साठची की नव्वदची? साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, त्यात सहा गाणी, फार तर सातवं कोंबून. चार दिवसांनी कॅसेट मिळायची, आत त्याच्या बारीक अक्षरात गाण्यांची नावं. शेवटचं गाणं बसलं नाही तर ते बसेल तिथपर्यंत बसायचं. माझ्या ए बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्याच्या मधोमध तुटतं. पुढे कधीतरी इंटरनेटवर ते पूर्ण ऐकलं. तिसरा अंतरा कवितेच्या दृष्टीने सगळ्यात चांगला आहे, हे मला कळतं. पण तो माझा नाही.

तरुणपणीचं संगीत माणूस आयुष्यभर सोडत नाही, हे सगळेच म्हणतात. मला त्यातली एक बारीक गोष्ट मांडायची आहे. आपला जीव जडलेला असतो तो आपण ऐकलेल्या प्रतीवर. तिच्या क्रमावर, खरखरीवर, ती कुठे तुटते त्यावर. म्हणून तेच गाणं स्वच्छ करून, नव्याने मिसळून समोर आलं की कान खूश होतात आणि मन म्हणतं, हे नव्हे.

तुमची प्रत कुठली? ‘आवडती जुनी गाणी’ अशी यादी कृपया नको, तसे धागे भरपूर आहेत.

पेटीवाला

फार चांगला विषय. माझं उभं आयुष्य ऑर्केस्ट्रात पेटी आणि कीबोर्ड वाजवण्यात गेलं, त्यामुळे हे रोज पाहिलंय.

गणपतीत कार्यक्रम असला की लोक गायकाला एक वेळ माफ करतात. आवाज बसलाय, चालतं. पण मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला म्युझिक पीस एका सुराने इकडचा तिकडे झाला की पहिल्या रांगेतल्या बाईंच्या कपाळावर आठी आलीच. त्या पीसला शब्द नाहीत, तो कुणी शिकवलेला नाही, तरी हजार माणसांना तो मात्रेसकट पाठ असतो. एकदा आमच्या व्हायोलिनवाल्याने मूळ रेकॉर्डपेक्षा सुंदर वाजवलं होतं. टाळ्या नाहीत.

प्रतीचं म्हणाल तर पट्टीचंही तसंच आहे. कॅसेट प्लेअरमध्ये मोटर आणि चाक यांच्यामध्ये रबरी बेल्ट असतो. तो जुना होऊन सैल पडला की टेप हळू फिरते आणि गाणं अर्धा-पाऊण सूर खाली उतरतं. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं घरी त्या प्लेअरवर ऐकून यायची आणि काळी दोनचं गाणं पांढरी दोनमध्ये गायची. त्यांच्या लेखी तीच खरी पट्टी. मूळ पट्टी ऐकवली की म्हणायची, ‘सर, हे ओरडल्यासारखं वाटतंय.’

दामूकाका

निशिगंधाताई, तुमच्या कॅसेटच्या आधी दोन पिढ्यांपासून हे चालू आहे.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. आमच्या घरी रेडिओ नव्हता. वाड्यात एकांच्याकडे होता, त्यांच्या ओसरीवर आम्ही सगळे जमायचो. रेडिओला हार घातलेला असायचा, उदबत्ती लावलेली असायची. दर आठवड्याला एक गीत, अशी छप्पन गीतं. तेच गीत त्या आठवड्यात पुन्हा लागायचं, पण हवं तेव्हा परत ऐकण्याची काही सोय नाही, म्हणून आम्ही मुलं कागद-पेन्सिल घेऊन बसायचो. प्रत्येकाने एकेक ओळ टिपायची आणि नंतर जुळवायची.

माझी प्रत वेगळी आहे ती इथे. प्रसारणात वेगवेगळे गायक-गायिका होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, कितीतरी. नंतर ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या सगळ्या सुधीर फडक्यांच्या आवाजात, आणि गावोगावचे कार्यक्रमही बाबूजींनीच केले. आज गीतरामायण म्हटलं की बाबूजींचाच आवाज, आणि तो मोठाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण माझ्या कानात सीतेचं गाणं बाईच्याच आवाजात वाजतं. माझ्या मुलाला आणि नातवाला ते कधीच तसं ऐकू येणार नाही.

दुसरं रेडिओ सिलोनचं. सकाळी साडेसात ते आठ जुनी गाणी, आणि आठला तीन मिनिटं कमी असताना सैगल. शॉर्टवेव्ह म्हणजे आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. त्या लाटांमध्ये सैगलच्या ताना अर्ध्या ऐकू यायच्या, उरलेल्या आपण मनात पुऱ्या करायच्या. मुलाने २०१७ साली ते कॅरव्हान यंत्र आणून दिलं, पाच हजार गाण्यांचं. रोज लावतो. त्यात सैगल सलग आणि स्वच्छ ऐकू येतो, आणि तरी मी मधल्या जागा मनात भरतच असतो.

भीमाकाठ

गाण्यांच्या ‘सुवर्णकाळा’वर जे लेख येतात त्यांत आमची गाणी कधी नसतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

माझ्या तरुणपणीचं संगीत म्हणजे वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे. घरच्या रेडिओवर वामनदादांची गाणी ऐकल्याचं मला आठवत नाही. ती ऐकायची १४ एप्रिलला चौकातल्या कर्ण्यावर, नाहीतर गायन पार्टी आली की रात्रभर बसून. मग कॅसेट आली आणि ती गाणी आमच्या घरात, आमच्या हाताने, हवी तेव्हा लावता येऊ लागली. याचं मोल ज्यांच्या घरी आधीपासून ग्रामोफोन होता त्यांना कळायला थोडं अवघड जाईल. ६ डिसेंबरला आई-वडील चैत्यभूमीला जायचे. येताना पिशवीत पुस्तकं, कॅलेंडर आणि कॅसेटी.

माझी प्रत मात्र विकतची नाही. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीच्या कार्यक्रमात मामाने टेपरेकॉर्डर स्टेजजवळ ठेवून ती भरली होती. एका गाण्यात दुसरा अंतरा रंगात आलेला असताना निवेदक मध्येच माईकवर येतो आणि सांगतो, अमक्या-अमक्यांकडून पार्टीला अकरा रुपये, मंडळ आभारी आहे. ढोलकी थांबत नाही, गायक एक आवर्तन तसंच फिरवतो आणि पुन्हा ओळ धरतो. आता ते गाणं कुणीही गावं, कुठेही गावं, दुसऱ्या अंतऱ्याला मला ते अकरा रुपये ऐकू येतात. ज्यांनी दिले ते गिरणीतून कमी झालेले गृहस्थ होते. त्या वेळी अकरा रुपये म्हणजे त्यांना किती, हे मला आता कळतं.

निशिगंधा_सांगली

भीमाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ती कॅसेट अजून आहे का? असेल तर जपा, वाजवायची घाई करू नका.

दामूकाका, एकेक ओळ टिपून जुळवलेली ती वही उरली आहे का हो?

दामूकाका

वही गेली. पानशेतच्या पुरात, १९६१ साली. पाठ आहे सगळं.

तुषार_के

थोडा विरोध नोंदवतो, राग नसावा.

प्रत वगैरे मान्य. पण या धाग्याची गाडी शेवटी ‘आमच्या वेळचं संगीतच खरं’ या स्टेशनवर येऊन थांबणार, अशी मला भीती आहे. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात होतो. दर आठवड्याला आलेली निम्मी गाणी उचललेल्या चालींची, तीच ढोलक, तोच कीबोर्ड. त्यातली वाईट होती ती आपण विसरलो आणि दहा-वीस चांगली उरली, त्यांना आता ‘तो काळ’ म्हणतो. आजच्या वाईट गाण्यांशी कालच्या चांगल्या गाण्यांची तुलना करणं न्यायाचं नाही. मुलांसमोर तर बिलकूल करू नये. माझी मुलगी काही ऐकत असली की माझे मोठे भाऊ ‘हे काय संगीत आहे का’ म्हणून सुरू होतात आणि ती हेडफोन लावते. दार बंद होतं ते तिथे.

विश्लेषक_पुणे

तुषार, तुमच्या मुद्द्याला अभ्यासाचा आधार आहे. १९८९ साली हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकी संशोधकांनी वेगवेगळ्या वयांच्या लोकांना १९३० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंतची लोकप्रिय गाणी ऐकवली आणि पसंती विचारली. पसंतीचं शिखर कुठे आलं? ऐकणाऱ्याचं वय साधारण तेवीस-चोवीस असताना जी गाणी गाजत होती, तिथे. गाण्याचं दशक बदललं तरी वय तिथेच.

स्मृतीच्या अभ्यासातही हेच दिसतं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावलं, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग मोठा निघतो. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडणं, पहिल्यांदा घडलेलं सगळं तिथे असतं, आणि तेव्हा वाजत असलेलं गाणं त्याला चिकटून येतं. नंतर त्या आठवणी आपण पुन्हा पुन्हा उगाळतो, म्हणून त्या आणखी पक्क्या होतात.

मला सगळ्यात भावला तो २०१३ चा एक अभ्यास, क्रुमहान्सल आणि झुपनिक यांचा. त्यांनी विशी-बाविशीतल्या मुलांना मागच्या अनेक दशकांतली गाणी ऐकवली. अपेक्षा होती की त्यांना स्वतःच्या काळातलीच जवळची वाटतील. ती वाटलीच, पण आणखी एक उंचवटा आला तो त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांवर, आणि त्याहीमागे एक, साठच्या दशकावर. म्हणजे घरात वाजणारं संगीत मुलांच्या आत जातं, जर ते उपदेश म्हणून नाही तर नुसतं वाजत असेल तर. (हा शेवटचा भाग माझा, अभ्यासातला नाही.)

रेवा_९८

मी १९९८ ची आणि वरचं सगळं माझ्या बाबतीत खरं आहे. आमची प्रत मेमरी कार्डातली!

आठवी-नववीत असताना गावातल्या मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून मिळायचं. दोन जीबी, वीस-तीस रुपये. दुकानदार कॉम्प्युटरवरचा एक आख्खा फोल्डर टाकायचा, निवड बिवड नाही. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या आमच्या वयाच्या सगळ्या मुलामुलींना तीच गाणी, त्याच क्रमाने पाठ आहेत. मुंबईत नोकरीला आल्यावर एक सहकारी भेटला. बोलता बोलता कळलं की एका ठरावीक गाण्यानंतर त्याच्याही डोक्यात तेच डीजे रिमिक्स येतं. त्याचं गाव माझ्या गावापासून नऊ किलोमीटरवर. एकच दुकान.

काही गाण्यांच्या सुरुवातीला एक माणूस वेबसाइटचं नाव घ्यायचा. गाण्याच्या ऐन मुखड्यावर. ते आता पैसे भरून नीट ऐकते, तर तो माणूस नसल्यामुळे सुरुवात रिकामी वाटते.

आणि तुषारदादा, ‘सैराट’ आला तेव्हा मी अठरा वर्षांची. अजय-अतुलनी त्यातला वाद्यवृंद अमेरिकेतल्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केला होता, हे मी नंतर वाचलं. आम्ही ती गाणी ऐकली ती वरातीत, ट्रॅक्टरवर बांधलेल्या बॉक्सवर, जिथे व्हायोलिनं ऐकूच येत नाहीत, नुसती छाती हादरते. माझं ‘सैराट’ तेच. वडील ते गाणं लागलं की आवाज कमी करायला सांगत नाहीत, हे इथे लिहून ठेवते. ते दारात येऊन उभे राहतात.

मांडवी

गोव्यातून. माझे बाबा वास्कोचे. घरात नाट्यसंगीत, भजन, पण बाबांची स्वतःची गाणी म्हणजे ख्रिस पेरी आणि लॉर्नाची कोंकणी गाणी. लॉर्ना वीसेक वर्षं गाण्यापासून दूर होती, १९९५ साली परत मंचावर आली. तेव्हा बाबा पन्नाशीत. गाणं सुरू व्हायच्या आधी जो ट्रंपेट येतो तो बाबा शीळ घालून वाजवायचे, दाढी करताना, रोज. माझ्यासाठी त्या गाण्यांची प्रत म्हणजे ती शीळ. मूळ रेकॉर्ड मी फार नंतर ऐकली.

शेवंता

मी सावंतवाडीकडे ज्येष्ठांच्या दिवसभराच्या केंद्रात काम करते. स्मृती गेलेली, बोलणं कमी झालेली माणसं असतात. गाण्यांचा उपयोग आम्ही रोज करतो, म्हणून अनुभवाचं सांगते. कुणाच्या घरी असं माणूस असेल तर उपयोगी पडेल.

सगळेजण आधी जुनी हिंदी गाणी लावतात. शहरातून आलेल्यांना ती चालतात. पण माणसाचं जन्मसाल काढून त्या काळातली हिट गाणी लावली की झालं, असं नसतं. त्या माणसाने काय ऐकलं होतं ते विचारावं लागतं. आमच्याकडे एक आजी होत्या, वाडीतून कधी फार बाहेर न गेलेल्या. घरात रेडिओ आला तेव्हा त्यांची मुलं मोठी झाली होती. लता, आशा, भजनं, कशाचाच परिणाम नाही. भिंतीकडे तोंड करून बसायच्या. त्यांचा भाचा भेटायला आला त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘मावशी दशावतार कधी चुकवायची नाही. जत्रेत पहाटेपर्यंत बसायची.’

मग दशावताराचं रेकॉर्डिंग लावलं. पेटी, पखवाज आणि झांज सुरू झाली तशा त्या वळून बसल्या. पदं त्यांनी म्हटली नाहीत. पण राक्षसाच्या प्रवेशाला पखवाज चढतो ना, तिथे त्यांनी शेजारच्या बाईंचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, ‘आता येतलो.’ कितीतरी दिवसांत बोललेलं पहिलं वाक्य. रोज असं होत नाही, हेही सांगायला हवं. काही दिवस काहीच होत नाही. तरी संध्याकाळी जी अस्वस्थता वाढते ती त्या आवाजाने कमी व्हायची, आणि त्यांना जेवण भरवणं सोपं जायचं.

तेव्हा आईवडील, सासूसासरे बोलते आहेत तोवर विचारून ठेवा. कुठली गाणी, आणि ती कुठे बसून ऐकली. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

अटलांटिकपार

शेवंताताई, धन्यवाद. आज रात्रीच आईला फोन करतो.

न्यू जर्सी. इथे येताना बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी कॅसेटी होत्या आणि पहिल्या जुन्या गाडीत कॅसेट प्लेअर होता. मुलगा मागच्या सीटवर ऐकत मोठा झाला. त्याला मराठी कळतं, बोलतो अडखळत. मागच्या उन्हाळ्यात एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भावगीत झालं, गायिका थांबल्या, टाळ्या सुरू झाल्या, आणि हा हळूच पुढचं गाणं गुणगुणायला लागला. कार्यक्रमातलं नाही, आमच्या कॅसेटवरचं पुढचं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलंही नव्हतं.

तुषार_के

रेवा आणि अटलांटिकपार, पटलं. माझा आक्षेप ‘आमचंच खरं’ याला होता, तो राहील. पण एक प्रश्न पडलाय. मी पंचेचाळिशीनंतर ख्यालगायकी ऐकायला लागलो, मन लावून, समजून घेऊन. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग रोज ऐकतो. आज मला कुणी विचारलं की सर्वांत श्रेष्ठ काय ऐकलंस, तर तेच सांगेन. तरी भाजी चिरताना तोंडात येतं ते कुमार सानूचंच. असं का व्हावं?

पेटीवाला

कारण भूप तुम्ही बसून ऐकला, सानू चालता-फिरता ऐकला. हात कामात असले की हातांच्या ओळखीचं येतं. दोन्ही तुमचंच आहे, वाईट वाटून घेऊ नका.

भीमाकाठ

निशिगंधाताई, कॅसेट आहे. काल पेटीतून काढली. टेप जिथे हेडला टेकते तिथल्या पत्तीवरचा फेल्टचा तुकडा निघालाय आणि एका बाजूला थोडी बुरशी दिसते. इथल्या दुकानात विचारलं तर म्हणाले, टाकून द्या, गाणं नेटवर मिळेल. हे गाणं नेटवर नाही. कुणाला काही करता येईल का?

पेटीवाला

टाकू नका! आणि कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटींनाही. फेल्ट नवा चिकटवता येतो, किंवा टेप काढून स्क्रूवाल्या दुसऱ्या खोक्यात बसवता येते. बुरशी कोरड्या मऊ कापडाने हळूहळू, टेप हाताने फिरवत काढावी लागते, तोंडावर मास्क लावून. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि तेव्हाच वाजवायची. पहिल्याच वेळी रेकॉर्ड करून घ्यायची, दुसरी संधी मिळेलच असं नाही. हेड आधी स्पिरिटने पुसून घ्यायचं.

रेकॉर्ड करताना एक बाजू सलग घ्या, मधल्या जागा कापू नका. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर अजिबात चालवू नका. ते ढोलकीची थाप खातं, आणि तुमच्या निवेदकालाही खाईल.

माझ्याकडे चालू स्थितीतला डेक आहे, ठाण्यात. बेल्ट नुकताच बदललाय, वेग ट्यूनिंग फोर्कने तपासलाय. कुरिअरने पाठवू नका, कुणी येणार असेल त्याच्या हाती द्या. पैसे नकोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

रेवा_९८

भीमाकाठदादा, तुम्ही कुठे असता? मी शनिवारी गावाहून मुंबईला परत येतेय, सोलापूरमार्गे. वाटेत असेल तर मी घेऊन जाते.

भीमाकाठ

पंढरपूर. स्टँडवर येऊन देतो. गाडी किती वाजता?